महिपतची सावड

मी एक जुना फुटबॉल आहे, मित्रांनो, पण मी गोल नाही. एका अंगाला मी फुगीर आहे आणि दुसऱ्या अंगाला चपटा. जमिनीवर सोडलं तर मी सरळ जात नाही, डावीकडे वळतो. माझी गोष्टही तशीच वळत वळत जाईल. शिवाय माझ्या एका टाक्यापाशी हवा निसटते. बोलता बोलता मी मधेच बसलो तर घाबरू नका. थोडी हवा भरा. जिथे थांबलो तिथूनच मी पुन्हा सुरू करीन.

माझा जन्म मुंबईतला. एका कारागिराने तपकिरी चामड्याच्या पट्ट्या मेणाच्या दोऱ्याने शिवल्या, आत रबराचा फुगा घातला आणि तोंडाशी बुटाला असते तशी नाडी ओवली. तेव्हा मी अगदी गोल होतो. दुकानाच्या काचेमागे बसून मी रस्त्यावरच्या पायांकडे पाहत असे. यातला कोणता पाय माझा, असं मला वाटायचं.

तो पाय लंगडा निघाला. दत्ताराम गिरणीत कामाला होता आणि गिरणीच्या संघातून खेळायचा. त्याचा गुडघा गेला, तसा संघ गेला, आणि थोड्या दिवसांनी त्याने गिरणीही सोडली. गावी परतताना त्याने मला घेतलं. लुगड्यांच्या घडीत बसून मी बोटीने आलो, एस.टी.ने पोलादपूरला उतरलो आणि तिथून डोंगर चढून कुडपणला पोचलो. वर माळ होता. सपाट, वाऱ्याचा, गवताचा. मध्ये मध्ये दगड होते, पण पळायला जागा भरपूर होती.

दत्तारामने तरण्या पोरांना गोळा केलं आणि खेळ शिकवला. एक शब्द मात्र त्याला शिकवता आला नाही. तो म्हणाला, “पुढं मोकळा गडी दिसला का त्याला पास द्यायचा.”

“पास?” मुरारी म्हणाला. “एस.टी.चा का शाळेचा?”

सगळे हसले. हा मुरारी सनई वाजवायचा. त्याच्या छातीत हवा फार, म्हणून माझा फुगा तोच तोंडाने भरायचा आणि गोलातही तोच उभा राहायचा.

दत्तारामने डोकं खाजवलं. “अरे, म्हंजे आता तू मला चेंडू द्यायचा, मंग मी तुला द्यायचा.”

“असं सांग ना,” हैबती म्हणाला. “सावड हाय ती.”

मित्रांनो, सावड तुमच्या गावात असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे. आज सगळ्यांनी मिळून माझ्या शेतात लावणी करायची, उद्या तुझ्या. ज्याने आपला दिवस दिला त्याला दिवस परत मिळतो. ज्याने दिला नाही त्याच्या बांधावर कोणी पाय ठेवत नाही. कुडपणच्या पोरांना तो खेळ त्या एका शब्दाने कळला. त्या दिवसापासून माळावर एकच ओरड ऐकू येई. “सावड! इकडं सावड!”

हैबती त्यांचा पुढारी झाला. तो सगळ्यांत चांगला खेळायचा म्हणून नाही, तर तो सोडायचा नाही म्हणून. पडला तरी उठायचा. भातझोडणी करून आला तरी माळावर यायचा. तोंडाने फारसं बोलत नसे. एकदा मनात घेतलं की बैल जसा जोताला मान देतो तशी मान द्यायचा.

हिवाळाभर मी पळालो. मग पावसाळा आला आणि माझं रूप बिघडलं.

दोष कोणाचा नव्हता. हैबतीच्या आईला वाटलं, पावसात मी कुजेन. कुडपणच्या घरात जे जपायचं ते चुलीवर धुरात टांगतात. बियाण्याची कणसं तशीच टांगतात, मग त्यांना कीड लागत नाही. तिने मलाही कणसांच्या शेजारी दोरीने टांगलं आणि रोज चुलीत फुंकर घालताना मायेने वर बघत राहिली. चार महिने मी धूर प्यायलो. दसऱ्याला खाली आलो तेव्हा माझं चामडं कडक झालं होतं. चुलीकडचं अंग आखडलं होतं आणि दोरीकडचं फुगलं होतं.

दत्ताराम मला हातात घेऊन म्हणाला, “हा फुटबॉल हाय का दुध्या भोपळा?”

हैबतीची आई पदराने डोळे पुसायला लागली. मुरारी मला फुंकून फुंकून दमला. मी मऊ होईना. तेव्हा ओट्याच्या कडेला आडवा पडलेला एक जण डोळे न उघडता म्हणाला, “कोकमाचं तेल लावा. टाचंच्या भेगा नरम पडतात, तर हा नाय पडनार?”

तो महिपत. आता त्याच्याविषयी

(बसलो. भरा, मित्रांनो. तोंडाने भरलीत तरी चालेल.)

हां. आता त्याच्याविषयी सांगतो. महिपत हा साळूबाईचा एकुलता मुलगा. त्याच्यासारखा पाय मी पुन्हा पाहिला नाही. इतर जण मला लाथ मारत. महिपत मला सांगत असे. त्याचा अंगठा लागला की मला कळायचं, कुठे जायचंय आणि किती वेगाने. पण तो माळावर महिन्यातून एकदा यायचा. आला तर झाडाखाली बसायचा. मन झालं तर उठायचा, तिघांना चकवून गोल करायचा आणि पुन्हा बसायचा.

शेतातही तसंच. लावणीला तो नसायचा, कापणीला नसायचा. त्याच्या नावावर साऱ्या गावाची सावड थकलेली होती. साळूबाई त्याच्या वाटणीचं जमेल तेवढं करायची आणि म्हणायची, “माझ्या पोराला देवानं पाय दिलं, पर चालायला सांगायचं इसरला.”

ते तेल लावायचं काम मात्र महिपतने आपणहून घेतलं. “बसून करायचं हाय ना? द्या इकडं.” तो मला घरी घेऊन गेला. चुलीच्या उबेला बसून कोकमाचं तेल तळव्यावर चोळायचा आणि मला हळूहळू फिरवायचा. माझा कुठला भाग आखडला, कुठला टाका सैल झाला, मी किती वळतो, हे त्याच्या तळहातांना पाठ झालं. मी मऊ झालो. गोल काही झालो नाही.

त्याच हिवाळ्यात कुशाबा माळावर आले. कुशाबा गावातले जाणते. त्यांच्या शब्दाशिवाय गावात कुणी नांगर धरत नसे. ते काठी टेकून बराच वेळ खेळ पाहत राहिले.

“हैबती,” ते म्हणाले, “गावाच्या कुदळी घरात आनि तरणी पोरं माळावर. या माळात नाचणी चांगली येईल.”

“आबा, आमी कामं सारून येतो.”

“तू येतोस. बाकीच्यांचं सांगू नको.” मग ते थोडे नरमले. “माघात महाडला दासगाववाल्यांशी खेळणार हायस ना? जिंका. जिंकलात तर माळ तुमचा. हारलात तर बांध घालून नाचणी.”

हैबती म्हणाला, “चालंल.” एवढंच. पण तो माळाकडे वळला तेव्हा मी त्याच्या काखेत होतो, मित्रांनो. त्याच्या बरगड्या माझ्यावर आदळत होत्या.

त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना बसवलं आणि म्हणाला, “महिपतला घ्यायचा.”

पांडूने हातातला विळा खाली ठेवला. पांडू कष्टाळू गडी. कोणाचीही सावड त्याने कधी बुडवली नव्हती. “ज्यानं गावाला एक दिवस दिला नाय, त्याला मी चेंडू देऊ? का म्हनून?”

“तो गोल करतो म्हनून.”

“आला तर.”

“येईल.”

“आनि नाय आला तर?”

“मंग मी तोंड दाखवीन गावाला. तू नको.”

दत्ताराम आपला गुडघा चोळत म्हणाला, “आमच्या गिरणीच्या संघातबी असा एक व्हता. साहेब त्याला घरून उचलून आनायचा. जिंकवायचा तोच, हारवायचाबी तोच. तरी साहेबानं त्याला कधी काढला नाय.”

“आनि तुला?” पांडूने विचारलं.

दत्तारामने गुडघ्यावरचा हात काढून घेतला. त्या हात काढून घेण्यात काय होतं, ते मला

(पुन्हा. थोडीच भरा, जास्त भरलीत तर टाका उसवेल.)

ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, रोज वेळेवर येणाऱ्या माणसाचा गुडघा गेला की त्याला निरोप मिळतो आणि न येणाऱ्याला घरून उचलून आणतात, हे पांडूने बरोबर हेरलं होतं. त्याचा राग खोटा नव्हता.

हैबतीने एक युक्ती केली. चेंडू महिपतच्याच घरी ठेवला. तो आला नाही तर खेळच नाही. झालं असं की खेळ महिपतच्या वेळेवर चालू लागला. सगळे माळावर हातपाय चोळत बसायचे आणि मी साळूबाईच्या ओट्यावर.

साळूबाई त्याला ढोसायची. “ऊठ रे, पोरं खोळंबलीत.”

“आये, पोरं माझ्यासाठी नाय खोळंबली. चेंडूसाठी खोळंबलीत.”

“मंग चेंडू तरी उचल.”

कधी तो उचलायचा. कधी कूस बदलायचा.

माघ आला. सामना महाडला, गांधारी नदीच्या काठच्या मोकळ्या जागेत. दासगावची पोरं सावित्री नदीच्या रेतीत पळून तयार झालेली, आणि त्यांच्याकडे स्वतःचा नवा चेंडू होता. म्हणून असं ठरलं की पहिल्या अर्ध्या खेळात त्यांचा चेंडू, दुसऱ्या अर्ध्यात आमचा.

सकाळी कुडपणहून सगळे निघाले. महिपत म्हणाला, “तुमी व्हा पुढं. मी ह्याला शेवटचं तेल लावतो आनि मागनं येतो.” तो आला, हे खरं आहे. डोंगर उतरला, पोलादपूरला पोचला. पण एस.टी.ला वेळ होता आणि जांभळीखाली सावली होती. त्याने मला उशाला घेतलं. एक एस.टी. आली आणि गेली. दुसरी आली आणि गेली. मला नुसतं घरंगळता येतं, मित्रांनो, आणि तेव्हा त्याचं डोकं माझ्यावर होतं.

आम्ही महाडला पोचलो तेव्हा पहिला अर्धा खेळ संपला होता. पुढचं मी मुरारीच्या तोंडून ऐकलं. सुरुवातीला पांडूने एक जास्तीचा गडी पुढे केला होता. “ह्याला घाल त्याच्या जागी.” हैबती म्हणाला, “नको. दहा जन खेळू. त्याची जागा मोकळी ठेवा.” दहा जण खेळले. दासगावने दोन गोल केले. गर्दीत छत्री घेऊन कुशाबा उभे होते.

महिपत मला काखेत मारून आला. पांडू बाजूला थुंकला. हैबतीने फक्त मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. “तिथं.”

मग माझी पाळी आली.

मी डावीकडे वळतो, हे दासगावच्या पोरांना कुठून माहीत असणार? मी सरळ येतोय म्हणून ती पुढे धावत आणि मी बाजूने निघून जाई. आमच्या पोरांचीही माझ्यामागे धावताना तारांबळ उडायची. एकट्या महिपतला मी पाठ होतो. त्याने मला लांबून मारलं, गोलाच्या बाहेर, चक्क बाहेर. त्यांचा गोली हात खाली सोडून उभा राहिला. मी वळलो आणि गोलाच्या बांबूला आतून घासून आत शिरलो.

दोनास एक.

महाडचे दुकानदार टाळ्या वाजवत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, “कुडपणचा हा कोण?” मला फार अभिमान वाटला. मग ते झालं. महिपत पुन्हा सुटला. गोलापुढे पांडू एकटा होता, अगदी मोकळा, हात वर करून. “सावड! महिपत, सावड दे!”

महिपतने त्याच्याकडे पाहिलं. मी त्याच्या पायाशी होतो. पाय क्षणभर थांबला, हे मला आठवतं. पण ज्याने कधी दिली नाही त्याला देता येत नाही. त्याने स्वतःच मारलं. मी बांबूवर आपटून माघारी आलो.

त्यानंतर महिपत जमिनीवर बसला. त्याला दम नव्हता. दम माळावर मिळतो, ओट्यावर नाही. तो छातीवर हात ठेवून बसला आणि खेळ त्याच्या आजूबाजूने संपला.

आम्ही हरलो, मित्रांनो.

परतीच्या एस.टी.तून पोलादपूरला उतरल्यावर पांडू हैबतीला म्हणाला, “दासगावनं नाय हारवलं. तुज्या मोकळ्या जागेनं हारवलं.”

“व्हय,” हैबती म्हणाला. “मीच हारवलं.”

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव बसला. कुशाबा म्हणाले, “शब्द शब्द असतो. पावसाच्या आधी माळातलं दगड वेचायचं आनि बांध घालायचा. कोन घेतंय काम?”

सगळ्यांना वाटलं, नेहमीप्रमाणे सावडीने करू. तेवढ्यात हैबती उभा राहिला. “आबा, ते काम महिपतला द्या.”

गाव हसला. पांडूसुद्धा हसला. कुशाबांनी विचारलं, “एकट्याला?”

“त्याच्याकडं साऱ्या गावाची सावड थकलीय. फेडू द्या की एकदाची.”

कुशाबांनी हैबतीकडे निरखून पाहिलं. हैबतीचा चेहरा दगडासारखा होता. “बरं,” ते म्हणाले. “महिपत, तुला मान्य?”

महिपत खाली बघत होता. मी बांबूवर आपटल्यापासून तो खालीच बघत होता. “व्हय,” तो म्हणाला.

मी अजून त्याच्याच घरी होतो. परत मागायची कुणाला इच्छाच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो कुदळ, घमेलं आणि मला घेऊन माळावर गेला. बसला. बराच वेळ बसला. मग मला पायाने ढकललं. मी वळत गेलो आणि एका दगडाला लागून भलतीकडे उडालो.

महिपत उठला. तो दगड उपटला आणि माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत फेकला. मला पुन्हा ढकललं. दुसरा दगड आडवा आला. तोही उपटला.

मित्रांनो, काम असं सुरू झालं. तो दगड वेचत नव्हता, तो माझी वाट मोकळी करत होता. रोज माझी वाट लांब होत गेली आणि रोज त्याला तेवढं लांब पळावं लागलं. आधी तो दर फेरीला बसायचा. मग एक आड एक बसायचा. मग बसायचं विसरला. मोठे दगड त्याने पहारीने उलथले. हाताला फोड आले, तेव्हा माझं उरलेलं कोकमाचं तेल त्याने स्वतःच्या हाताला लावलं. एकदा तो थांबला, माळाच्या मध्ये उभा राहिला आणि मोकळ्या जागी हात वर करून उभ्या असलेल्या कोणालातरी द्यावं तसं त्याने मला हलकेच पुढे दिलं. तिथे कोणी नव्हतं. मी थोडं घरंगळून थांबलो. तो मला आणायला गेला आणि पुन्हा दिलं.

शेजारच्या उतारावर पांडू गवत कापत होता. तो हे बघायचा.

साळूबाईने एकदा हैबतीला गाठलं. “असं कसं केलंस रे? माझ्या आळशी पोराच्या गळ्यात एवढा माळ बांधलास?”

“काकी,” हैबती म्हणाला, “पांडूला काम दिलं असतं तर आठ दिवसांत बांध उभा ऱ्हायला असता.”

साळूबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती, हसत होती.

कळलं का, मित्रांनो? सामना हरला तरी हैबतीने माळ सोडला नव्हता. सगळ्या गावात एकच माणूस असा होता की ज्याच्यावर काम पुरं न करण्याचा भरवसा ठेवता येईल. हैबतीने त्याच्यावर

(शेवटची फुंकर. मोठी भरा.)

त्याच्यावर पुन्हा एकदा माळ पणाला लावला. आणि महिपतने या वेळी त्याचा अंदाज चुकवला. तो काहीच करणार नाही, असं हैबतीला वाटलं होतं. त्याने अर्धं काम केलं, आणि जे केलं ते असं केलं की माळात पायाला टोचेल असा खडा उरला नाही.

ज्येष्ठात कुशाबा बघायला आले. मागे सगळा गाव. कुशाबा माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालले. आभाळ डोंगरावर टेकलं होतं.

“बांध कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

“दगड वेचलं, आबा,” महिपत म्हणाला. “बांधाचं ऱ्हायलं.”

“आनि आता पाऊस कधी येईल ते सांगता येत नाय.”

“नाय सांगता येत.”

कुशाबांनी करवंदीच्या जाळीतला दगडांचा ढीग बघितला. मग महिपतचे हात बघितले. तळहात पुढे करायला लावून बघितले. “ह्यात दुसऱ्या कुनाचा हात हाय?”

“नाय. माझाच.”

कुशाबा गावाकडे वळले. “बांधाबिगर माती ऱ्हात नाय. या साली नाचणी नाय.” मग काठी आपटून म्हणाले, “आनि हिशेब सरळ करा. एवढा माळ ह्यानं एकट्यानं साफ केला. गावाची सावड फिटली. फिटून वर त्याचीच गावाकडं निघाली. कोन कसं फेडतंय ते तुमी बघा.”

महिपतने मला जमिनीवर ठेवलं, बहुतेक घरी न्यायचं की नाही या विचारात. तेवढ्यात पांडू पुढे आला. त्याने मला पायाखाली घेतलं, महिपतकडे बघितलं आणि मला हळूच त्याच्याकडे ढकललं. मी डावीकडे वळलो. महिपतला ते ठाऊक होतं. तो तिथेच उभा होता.

“ही एक फिटली,” पांडू म्हणाला.

महिपतने मला त्याच्या पायाशी परत दिलं.

त्यानंतरची वर्षं मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. एका वर्षी आम्ही दासगावला हरवलं, एका वर्षी हरलो. महिपत एकदा उशिरा आला, एकदा आलाच नाही. हैबतीने दोन्ही वेळा त्याची जागा मोकळी ठेवली, आणि दोन्ही वेळा पांडू कुरकुरला आणि दहा जणांतला एक होऊन दोघांचं पळाला. नाचणी मात्र त्या माळावर कधी पेरली गेली नाही. कुशाबा दरवर्षी म्हणत, “पुढल्या साली बघू.”

आता मी हैबतीच्या घरात, तुम्ही चढून आलात त्या माळ्यावर असतो. पोरांनी नवा चेंडू आणला, चांगला गोल. त्याच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. मला फक्त तुम्हाला सांगायचंय. चेंडूला पाऊस लागला तर सावलीत वाळवा. कोकमाचं तेल चोळा. माया कितीही असली तरी धुरात टांगू नका. आणि एखादा चेंडू, किंवा एखादा गडी, वाकडा निघाला तर त्याला फेकायच्या आधी तो कुठल्या बाजूला वळतो ते बघून ठेवा. मग तिथे जाऊन उभे राहा.

मी अजून वळतो, मित्रांनो. माळही अजून मोकळा आहे. आजचा दिवस मी तुम्हाला दिला आहे. सावड आता तुमच्याकडे निघते. शिडीवरून मला खाली न्या आणि हवा भरा.